पाऊण किलोचा पुडा

मिठाच्या पुड्यांचं ते प्रकरण मला अजूनही क्रमवार आठवतं. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता आणि शेवटी गुन्हाही दाखल झाला नाही. तरी माझ्या नोकरीतल्या तपासांची यादी केली तर पहिल्या पाचांत मी ते ठेवीन. कोणाचंही नाव घेणार नाही. त्यातली सगळी माणसं हयात आहेत आणि मान खाली घालावी असं त्यांनी काही केलेलं नाही.

तेव्हा मी आर्णीच्या बाजूला एका ठाण्याचा ठाणेदार होतो. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. सोयाबीन निघालं होतं, कापसाची पहिली वेचणी चालू होती. या दिवसांत ठाण्यात सकाळी शांतता असते. माणसं वावरात असतात, भांडणं संध्याकाळवर ढकलतात. सकाळची हजेरी घेऊन मी स्टेशन डायरी तपासत होतो, तेवढ्यात बीट जमादारांचा फोन वाजला. तांड्याच्या फाट्यावर पानठेला चालवणारा माणूस बोलत होता. तो आमचा जुना खबऱ्या. उगाच फोन करणारा नव्हता.

"तांड्यात एक म्हातारी पडली, यवतमाळले मोठ्या दवाखान्यात नेली," तो म्हणाला. "लोक म्हनून राह्यले का मिठात औषध टाकलं. ते मीठ वाटणारी बाई उद्या बीपी मोजायले परत येणार हाय. तिले कोणी हात लावायच्या आधी येऊन जा."

जमादारांना मी लगेच तांड्यावर पाठवलं, लोकांना शांत ठेवायला आणि त्या बाईला दोन दिवस येऊ नको असा निरोप द्यायला. ते निघाले आणि अकराच्या सुमारास एक तरुण टाइप केलेला अर्ज घेऊन माझ्यासमोर बसला. एका संशोधन संस्थेचा तो पर्यवेक्षक होता. तांड्यात मीठ वाटणारी बाई त्याच्याच हाताखाली होती आणि अर्ज तिच्याच विरुद्ध होता. तांड्यातल्या पुड्यांची कारखान्यातली शिवण उसवलेली, लाल खुणेचा पुडा निळ्याच्या घरात, निळ्याचा लालच्या घरात, आणि बाईच्या वहीत मात्र सगळं जागच्या जागी. त्याचा निष्कर्ष सरळ होता. बाईनं संस्थेचं मीठ काढून विकलं आणि पुड्यांत दुकानातलं भरलं. अपहार आणि भेसळ. त्याला गुन्हा दाखल करून हवा होता.

मला डायरीत तीन रकाने पाडायची सवय होती. माहीत आहे, ऐकलं आहे, विचारायचं आहे. 'म्हातारी मिठानं पडली' हे मी दुसऱ्या रकान्यात लिहिलं. बाईनं मीठ विकलं, हेही दुसऱ्याच रकान्यात. पर्यवेक्षकाला ते आवडलं नाही. तिसरा रकाना मोठा होता, म्हणून मी आधी त्यालाच प्रश्न विचारले.

अभ्यास रक्तदाबाचा होता. नेहमीच्या मिठात सोडियम असतं. दुसऱ्या प्रकारच्या मिठात त्यातलं काही काढून त्याजागी पोटॅशियम घातलेलं असतं. दुसरं मीठ खाल्ल्यानं रक्तदाब उतरतो का, हे पाहायचं होतं. बाकी वस्त्यांबरोबर या तांड्यातली बेचाळीस घरं निवडली होती आणि चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना लाल खुणेचा पुडा, अर्ध्यांना निळ्या खुणेचा ठरवला होता. दर महिन्याला घरटी एक किलो. खायचं तेवढंच मीठ, आणि महिन्याच्या शेवटी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजायचा.

"लालमध्ये कोणतं आणि निळ्यात कोणतं?" मी विचारलं.

त्याला माहीत नव्हतं. बाईलाही नाही. मुख्य डॉक्टरांनासुद्धा नाही. ते बंद पाकिटात होतं.

पिशवीत काय आहे ते मला माहीत नाही, मी फक्त पोचवतो, असं सांगणारे मला नोकरीत पुष्कळ भेटले. त्यांतल्या बहुतेकांच्या पिशवीत गांजा निघाला. मी त्याला तसं बोलूनही दाखवलं. तो हसला नाही. शांतपणे म्हणाला, मोजणाऱ्याला माहीत असलं की त्याचा हात कळत नकळत एका बाजूला झुकतो. हे मात्र मला पटलं. ओळखपरेडीच्या वेळी तपास अधिकाऱ्याला खोलीत थांबू देत नाहीत ते याचसाठी. साक्षीदारानं त्याच्या चेहऱ्याकडे पाहून बोट दाखवू नये. म्हणजे हे लोक काहीतरी लपवत नव्हते, उलट स्वतःचाच हात बांधून घेत होते. त्या दिवशी मी शिकलेली ही पहिली गोष्ट.

बायकांना जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नसतं. महिला शिपायाला सोबत घेऊन मी तिच्या गावी गेलो. तांड्यापासून दोन किलोमीटरवर तिचं घर. नवरा लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कामाला, आठवड्यातून एकदा येणारा. तिनं "जयभीम साहेब" म्हणून खुर्ची पुढं केली आणि स्वतः उंबऱ्याशी उभी राहिली. वय चाळीसच्या आसपास. घाबरलेली होती, पण नजर खाली नव्हती.

पुडे कोणी फोडले, मी विचारलं.

"मी पुडा देला, सही घेतली. घरात गेल्यावर पुडा त्यायचा."

"हे उत्तर नाही झालं, ताई."

"उत्तर हाय साहेब. तुमाले पाह्यजे ते नाही, एवढंच."

महिला शिपायानं हसू लपवायला वहीत डोकं घातलं. मी आवाज चढवला नाही. चढवून उपयोग नसतो हे मला उशिरा कळलं, पण कळलं. खोटं बोलणारा माणूस जास्त बोलतो. ही बाई मोजून बोलत होती. तिला काहीतरी माहीत होतं आणि ते ती स्वतःसाठी झाकत नव्हती, असं मला वाटलं. वाटणं मात्र कागदावर येत नाही. कागदावर तिच्याविरुद्ध बरंच होतं.

आजारी म्हातारीच्या घरी पुडा दिला होता का, मी विचारलं. ते घर तिच्या वाटपात नव्हतं. का नव्हतं, हे तिला सांगितलेलं नव्हतं. यादीत नावापुढं फक्त फुली होती.

"त्या याडीनं मले पह्यल्या दिवशी बाज टाकून बसवलं," ती म्हणाली. याडी म्हणजे तांड्यातल्या बंजाऱ्यांच्या बोलीत आई. "बाकीचे तवा दारातूनच बोलत होते. तिले मी काही करीन का?" मग तिनं विचारलं, "गुन्हा लागला त नोकरी जाईल, ते समजते मले. पण नाव चोर राहीन नं?"

मी तिला खोटा धीर दिला नाही. चौकशी पूर्ण होईपर्यंत गाव सोडू नको, एवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांड्यावर दोन पंच घेतले आणि नऊ घरांतून नऊ पुडे ताब्यात घेतले. महिन्याचं वाटप दोन दिवसांपूर्वीच झालेलं, आणि घरातल्या डब्यांत जुनं मीठ शिल्लक होतं म्हणून बहुतेकांनी नवा पुडा सोडलेला नव्हता. पर्यवेक्षकानं म्हटलं होतं ते खरं होतं. शिवण उसवलेली होती आणि तोंडं भरतकामाच्या दोऱ्यांनी पुन्हा बांधलेली होती. एकाचा दोरा पिवळा, एकाचा हिरवा, एकाचा लाल. गाठीही वेगवेगळ्या. म्हणजे बांधणारे हात अनेक होते.

पंचनाम्यात वजन लिहायचं म्हणून तांड्यातल्या किराणा दुकानाच्या काट्यावर पुडे ठेवले. पहिला पाऊण किलोच्या थोडा खाली. दुसरा थोडा वर. तिसरा बरोबर पाऊण किलो. नऊच्या नऊ पुडे पाऊण किलोच्या आसपासच भरले.

मी बरेच चोर पाहिले. चोर एका पोत्यातून मूठभर काढतो, दुसऱ्यातून अर्धं, घाई असली तर तिसऱ्याला हातही लावत नाही. नऊ पुड्यांतून सारखं पाव किलो काढणारा चोर मी पाहिलेला नाही. एवढा काटेकोरपणा चोरीत नसतो. तो वाटणीत असतो.

दुकानाच्या पायरीवर बसून मी डायरीत आकडे मांडले. बेचाळीस पुडे, एक-एक किलोचे. तेच मीठ पाऊण-पाऊण किलोनं वाटलं तर किती वाटे होतात? छप्पन. जमादारांना बीटचं पुस्तक काढायला सांगितलं. तांडा, घरे छप्पन.

तांड्याचे नायक, म्हणजे तिथले प्रमुख, देवीच्या ओट्यावर बसले होते. सत्तरीचे, अंगानं ताठ. मी शेजारी बसलो आणि फक्त एवढंच विचारलं की तांड्यात छप्पन वाटे कधी घालता.

"म्हंजे तुमाले समजलं," ते म्हणाले.

बाईवर गुन्हा दाखल करा असा अर्ज आला आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं तेव्हा ते ताडकन उठले आणि पुन्हा बसले. मग सगळं बोलले.

"बोकड कापलं का छप्पन वाटे पडतात साहेब. ज्या घरी चूल, त्या घरी वाटा. माणूस परगावी गेला असला तरी त्याचा वाटा राखून ठेवतो. आता हे मीठ आलं. बेचाळीस घराले हाय, चौदा घराले नाही. वरून दोन रंगाचं. कोणतं चांगलं म्हनून विचारलं, त बाई म्हने मले माहीत नाही. डॉक्टर मॅडम आल्या, त्याबी म्हने मलेबी माहीत नाही. जे कोणालेच माहीत नाही, ते याच्या घरी हे आन त्याच्या घरी ते, असं कसं चालन? मंग ताडपत्रीवर ओतलं, एक केलं आन मापानं वाटलं. न कोणाचा फायदा, न कोणाचं नुसकान."

मी त्यांच्या बोलण्यात खोट शोधत होतो. सापडेना.

बाईला हे दुसऱ्याच महिन्यात कळलं होतं. ती खूप बोलली, रडलीसुद्धा. तांड्यातल्यांनी हो म्हटलं आणि पुन्हा तेच केलं. मग तिनं वर का कळवलं नाही?

"कळवलं असतं त तुमी लोकायनं आमाले अडाणी म्हनलं असतं, चोर म्हनलं असतं," नायक म्हणाले. "तिले ते पाहायचं नव्हतं. अन् आता तिलेच चोर म्हनून राह्यले."

उठता उठता मी एक प्रश्न विचारला. खरं तर तो आधीच विचारायला हवा होता. आजारी म्हातारीच्या घरी वाटा जात होता का?

"जाईन नाही त काय? एकटी ऱ्हायते. पह्यला वाटा तिचाच."

तिथूनच मी पर्यवेक्षकाकडून घेतलेला मुख्य डॉक्टरांचा नंबर लावला. पन्नाशीच्या बाई होत्या, अर्जाबद्दल त्यांना माहीत होतं. मी म्हातारीचं नाव सांगितलं, मीठ एकत्र करून वाटल्याचं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, त्या घरावर फुली आहे कारण त्या आजींची मूत्रपिंडं अधू आहेत. दोनपैकी एका मिठात पोटॅशियम आहे. धडधाकट माणसाला ते चालतं, त्यांच्या शरीरातून ते बाहेर पडत नाही, साठतं. हृदय थांबू शकतं. "त्यांच्या पोटात ते मीठ आत्ता जात नाहीये ना?"

मी नायकांकडे वळून विचारलं की दवाखान्यात म्हातारी काय खाते. पुतण्याची बायको रोज सकाळच्या एसटीनं डबा पाठवत होती. दवाखान्याचं जेवण म्हातारीला जात नव्हतं. डबा तांड्यातल्या मिठाचा होता.

डॉक्टर मॅडमनी दवाखान्यात फोन केला आणि मी तिथल्या पोलीस चौकीतल्या हवालदाराला केला. डबा म्हातारीच्या खाटेशी पोचला होता, पण उघडला नव्हता. तिथले डॉक्टर दोन दिवस बुचकळ्यात होते. उपचारानं रक्तातलं पोटॅशियम उतरायचं आणि पुन्हा चढायचं. मीठ कोणतं खाता, हे विचारायचं कोणाला सुचलं नव्हतं. सुचलं असतं तरी म्हातारी म्हणाली असती, मीठच.

नायकांनी मला पुढं काही करू दिलं नाही. स्वतः काठी घेऊन घरोघर गेले. तासाभरात छप्पन घरांतलं मीठ देवीच्या ओट्यावर आलं. कोणी वाद घातला नाही. पुतण्याची बायको पदर तोंडाशी धरून रडत होती. तिची समजूत घालायला कोण आलं, तर निरोप मिळूनही न राहवून तांड्यावर आलेली तीच मीठवाली बाई. फाट्यावरच्या माणसाला भीती होती तसं काही घडलं नाही. बायांनी तिला मध्ये घेतलं.

म्हातारी पंधरा दिवसांनी चालत घरी आली. अर्जाच्या चौकशीत अपहार निष्पन्न होत नाही, असा अहवाल मी लिहिला. पर्यवेक्षकानं अर्ज मागं घेतला आणि त्या बाईची माफीही मागितली. जरा अवघडून मागितली, पण मागितली.

चौकशीच्या कागदांत मी लोकांच्या संमतीचा नमुना मागवला होता. चार पानं, शुद्ध मराठीत. त्यात सगळं होतं. चिठ्ठ्यांचं होतं, दोन मिठांचं होतं, तिसऱ्या पानावर मूत्रपिंडाचंही होतं. मला तो तीनदा वाचावा लागला. शेवटी ओळ होती, 'वरील मजकूर मला वाचून दाखवला व समजला', आणि खाली अंगठा. ती ओळ मला चांगली ओळखीची. 'जबाब वाचून दाखवला, माझे सांगण्याप्रमाणे बरोबर आहे' असं आम्ही प्रत्येक जबाबाखाली लिहितो. माझ्या हाताखाली असे हजारो जबाब झाले. त्यांतले खरोखर किती वाचून दाखवले, हा प्रश्न मी स्वतःला त्या दिवसापर्यंत विचारला नव्हता. त्यानंतरची दोन वर्षं मी ठाण्यात एक नियम केला. जबाब वाचून दाखवायचा आणि मग देणाऱ्यालाच विचारायचं, आता तू सांग, यात काय लिहिलंय. वेळ दुप्पट लागायचा. पण न्यायालयात उलटणारे साक्षीदार कमी झाले.

डॉक्टर मॅडम स्वतः तांड्यावर आल्या. मीही गेलो होतो, बंदोबस्त म्हणून नाही, ऐकायला. ओट्यावर बसून त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं आणि ती बाई ते वऱ्हाडीत फोडून सांगत होती. चूक आमची होती, असं मॅडम सरळ म्हणाल्या. चिठ्ठी घरांवर टाकायला नको होती, तांड्यांवर टाकायला हवी होती. एका तांड्याला एकच मीठ, दुसऱ्याला दुसरं. मग कितीही वाटलं तरी बिघडत नाही. हे आधी इथं बसून विचारलं असतं तर दहा मिनिटांत कळलं असतं. आणि फुलीचं कारण गुप्त ठेवायचा नियम आहे, पण तो इतरांपासून. जिचा आजार, तिच्यापासून नाही.

म्हातारी बाजेवर बसून ऐकत होती. आवाज बारीक झाला होता, पण जीभ शाबूत होती.

"रोग माहा," ती म्हणाली. "अन् मले सोडून कागदाले सांगतलं."

मॅडमनी मान डोलावली आणि ते वाक्य वहीत लिहून घेतलं.

निवृत्तीनंतर सकाळी फिरायला जाणारे आम्ही पाच-सहा जण आहोत. रोज कोणाच्या तरी मोबाइलवर 'संशोधनातून सिद्ध' असं काही आलेलं असतं. या आठवड्यात तूप चांगलं, पुढच्या आठवड्यात वाईट. एक जण सगळ्यावर विश्वास ठेवतो, एक जण कशावरच नाही. दोघेही एकच चूक करतात. मी अशा बातमीकडे साक्षीदारासारखं पाहतो. एक अभ्यास म्हणजे एक साक्षीदार. त्याच्या एकट्याच्या सांगण्यावर कोणाला फाशी देऊ नये आणि त्याला हाकलूनही देऊ नये. तो कुठं उभा होता, त्यानं स्वतः पाहिलं की ऐकलं, त्याला कोणी आणलं, आणि वेगळ्या ठिकाणी उभ्या असलेल्या दुसऱ्या कोणाला तेच दिसलं का, हे विचारावं. 'तेवढं मला दिसलं नाही' असं जो आपणहून सांगतो, त्याच्या बाकीच्या साक्षीला वजन येतं. आणि चालू गोळी बंद करायची असो की घरातलं मीठ बदलायचं असो, बातमीला नाही, आपल्या डॉक्टरला विचारावं.

साधारण दीड वर्षानं अभ्यासाचा अहवाल छापून आला. मॅडमनी मला प्रत पाठवली. इंग्रजीत होता, तक्त्यांनी भरलेला. निकाल काय लागला ते मी इथं सांगत नाही. त्यातलं सगळं मला कळलं असाही दावा नाही. मी तीन दिवस शोधत होतो ती ओळ मला पाचव्या पानावर सापडली. एका वस्तीत घरांनी मीठ आपसात वाटून घेतल्यामुळे तिथली मोजणी धरलेली नाही. एवढंच. ताडपत्री, छप्पन वाटे, म्हातारीचा डबा, सगळं त्या एका ओळीत. पण ओळ होती. त्यांनी ती गाळली नव्हती. तिच्यामुळे बाकीच्या पानांवर माझा विश्वास बसला.

मी त्या बाईला फोन लावला. ती आता दुसऱ्या तालुक्यात त्याच कामावर आहे. ओळ तिला मराठीत सांगितली. तिनं पुन्हा एकदा सांगायला लावली.

"वाटून घेतलं, असंच लिवलं नं साहेब? चोरलं असं नाही कुठं?"

मी पान पुन्हा पाहिलं आणि सांगितलं, कुठंच नाही. वाटून घेतलं, असंच आहे.

"मंग नायकाले मीच सांगीन," ती म्हणाली आणि फोन ठेवला.